हॅम रेडिओ : वीजजोडणी पक्की, तरच संदेश पक्का

केळझर : नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर (ता. सेलू) हे गाव टेकडीवरील सिद्धिविनायक मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. अशा उंच जागा हौशी रेडिओचालकांना, म्हणजेच 'हॅम' मंडळींना, मोलाच्या वाटतात. अतिउच्च वारंवारितेच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने उंचीवरून संदेश दूरवर पोहोचतो. मात्र घरातला संच उचलून टेकडीवर नेला, की सर्वाधिक दगा देते ती साधी वीजजोडणी.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हॅम चालकांनी संदेशवहनास हातभार लावला होता. अशा प्रसंगी संच बहुधा मोटारीच्या बॅटरीवर चालवावा लागतो. त्या वेळी एक सैल तार मदतीचा निरोप अर्ध्यावर तोडू शकते.

सैल जोड घातक का?

शंभर वॅट क्षमतेचा संच साधारणतः १३.८ व्होल्टवर चालतो आणि प्रक्षेपणाच्या वेळी सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. जोडात केवळ ०.०५ ओहम रोध निर्माण झाला, तरी एक व्होल्ट दाब घटतो व त्या ठिकाणी २० वॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता डाख देण्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नइतकी असते. त्यामुळे प्लग वितळतो, आवाज फाटतो किंवा बोलण्याचे बटण दाबताच संच बंद पडतो. नुसते ऐकताना प्रवाह कमी असल्याने हा दोष लक्षात येत नाही.

काय काळजी घ्यावी?

* बॅटरीला तारा नुसत्या गुंडाळू नयेत. तारेच्या टोकास गोल लग दाबून बसवावी आणि स्प्रिंग वॉशरसह नटाने आवळावी.
* स्क्रूखाली येणाऱ्या तारेच्या टोकास डाख देऊ नये. मऊ डाख दाबाखाली हळूहळू पसरतो आणि जोड सैल होतो.
* खटक्याचा प्लग 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवावा. खटका नसलेले प्लग ओढ बसताच सुटतात. ते पट्टीने बांधावेत.
* केबल संचाजवळ टेबलास किंवा चौकटीस बांधावी. पाय अडकला तरी ओढ जोडावर येता कामा नये.
* फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. केबल घासून शॉर्ट झाल्यास संचाजवळचा फ्यूज केबलचे रक्षण करू शकत नाही.
* लाल तार धन, काळी तार ऋण, याची प्रत्येक वेळी खात्री करावी.

जोडणी झाल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. काही मिनिटे प्रक्षेपण करून संच बंद करावा व जोडांना हात लावून पाहावा. एखादा जोड इतरांपेक्षा गरम लागल्यास तो उघडून, स्वच्छ करून पुन्हा बसवावा. प्रक्षेपण चालू असताना संचाच्या टोकाशी व्होल्टमीटरने दाब मोजल्यास दोष लगेच कळतो. ही तपासणी घरीच उरकावी. आपत्तीच्या जागी तेवढी उसंत मिळत नाही.