चेहऱ्यांची वही

फेसबुक हे नाव कंपनीने नव्याने काढलेले नाही. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांच्या हाती एक छापील पुस्तिका पडायची. प्रत्येकाचा छोटासा फोटो, खाली नाव आणि गाव. तिलाच 'फेस बुक' म्हणत, चेहऱ्यांची वही. हार्वर्डमधल्या अशा वहीचे नाव 'फ्रेशमन रजिस्टर'. मुले ती चाळत, कोण कुठला ते बघत, आणि आपला फोटो इतरांच्या मानाने कसा आलाय याचाही अंदाज घेत. मात्र त्या वहीत फोटो एकच असे आणि त्याला कुणी गुण देत नसे. नवलाई ओसरली की ती कपाटात जाई.

गुण द्यायची कल्पना आली ती २००३ च्या ऑक्टोबर अखेरीस. हार्वर्डच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मार्क झुकरबर्गने नऊ वसतिगृहांच्या ऑनलाइन वह्यांतून विद्यार्थ्यांचे फोटो परवानगीविना उचलले आणि 'फेसमॅश' नावाची साइट उभी केली. पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी यायचे आणि त्यांतला अधिक देखणा कोणता ते निवडायचे. पहिल्या काही तासांतच ४५० जणांनी किमान २२,००० वेळा मते दिल्याचे हार्वर्डच्या विद्यार्थी दैनिकाने, 'क्रिमसन'ने छापले. म्हणजे एकेकाने जवळपास ५० वेळा. लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांच्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघटनांनी आवाज उठवला, साइट बंद झाली, झुकरबर्गने माफी मागितली. पण ज्यांचे चेहरे जोडीने मांडले गेले, त्यांना कुणी विचारलेच नव्हते. या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे.

जेमतेम तीन महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २००४ रोजी, 'दफेसबुक' सुरू झाले. इथे फोटो ज्याचा त्यानेच लावायचा होता, म्हणून ते सभ्य वाटले. चार-पाच दिवसांत ६५० हून अधिक विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल असे एकेक कॉलेज जोडले जाऊ लागले. कॉलेजचा ईमेल नसेल तर प्रवेश नाही.

आपल्याकडची मुले तेव्हा सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ऑर्कुट उघडत होती. मित्र जोडण्याची ही साइटही २००४ च्या जानेवारीतली. तिथे मित्रांनी एकमेकांना शेरे द्यायचे: भरवशाचा असेल तर स्मायली, 'कूल' असेल तर बर्फाचे खडे, आकर्षक असेल तर बदाम. आपल्या वाट्याला किती बदाम आले ते प्रोफाइलवरच दिसायचे. दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या मुलांना आता मोजले जाण्यासाठी आणखी एक रकाना मिळाला.

फेसबुकवर २००५ मध्ये फोटोंचे अल्बम आले आणि फोटोतल्या मित्राला टॅग करता येऊ लागले. आपण कसे दिसायचे, हे आता दुसऱ्याच्या हातातही गेले. २००६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूज फीड आले. कोण कुणासोबत कुठे गेले, हे न शोधता समोर येऊ लागले. लाखो विद्यार्थ्यांनी निषेध केला, तोही फेसबुकवरच गट काढून. त्याच महिन्याच्या अखेरीस १३ वर्षांवरील सर्वांना दार उघडले. 'लाइक'चे बटण आले २००९ मध्ये.

कॉलेजामागून कॉलेज जोडण्याच्या या पद्धतीने नकळत एक पुरावा मागे ठेवला. त्या वर्षांत अमेरिकी कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या आरोग्याची नियमित पाहणी होत असे. लुका ब्राघिएरी, रोई लेव्ही आणि अलेक्सी माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी ती पाहणी आणि फेसबुक कुठल्या कॉलेजात कधी पोचले याची यादी शेजारी ठेवून पाहिली. त्यांचा अभ्यास २०२२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला. फेसबुक आल्यानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य बिघडले होते, नैराश्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. नोकरी गेल्यावर माणसाच्या मनावर जो आघात होतो, त्याच्या सुमारे २२ टक्के एवढा हा परिणाम होता. कारण म्हणून त्यांनी बोट ठेवले ते इतरांशी होणाऱ्या तुलनेवर. माणूस स्वतःला जोखतो तो इतरांच्या शेजारी उभा राहून, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते.

सर्वांत जास्त सोसले ते आधीच स्वतःला कमी लेखू शकतील अशा मुलांनी: वजन जास्त असलेल्या, क्रेडिट कार्डाचे कर्ज डोक्यावर असलेल्या, कॅम्पसबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या. त्याच पाहणीत एक साधा प्रश्न होता: तुमच्या कॉलेजातली मुले किती दारू पितात? फेसबुक आल्यावर, विशेषतः कॅम्पसबाहेरच्या मुलांच्या उत्तरातला आकडा वाढला. प्रत्यक्षात पिणे वाढल्याचे मात्र दिसले नाही. भाड्याच्या खोलीत रात्री एकट्याने बसलेल्या त्या मुलांना, आपण सोडून सगळे रोज मजेत आहेत, असे वाटू लागले होते.