'मस्लहा' आणि तिच्या मर्यादा

मराठेशाहीच्या कागदपत्रांत वारंवार आढळणारा 'मसलत' हा शब्द मूळचा अरबी 'मस्लहा' असून तो फारसीमार्गे मराठीत आला. मराठीत त्याला सल्ला, बेत, राजकारणाची योजना असे अर्थ चिकटले; मूळ अर्थ मात्र 'हित' एवढाच. इस्लामी धर्मशास्त्रात ह्याच शब्दाभोवती एक दीर्घ वाद झाला. शास्त्रवचन जेथे मौन पाळते तेथे लोकहित हे प्रमाण मानावे काय, आणि मानल्यास कोठवर?

अल्-जुवैनीने विधींच्या हेतूंची वर्गवारी केली होतीच. त्याचा शिष्य अल्-गझाली (१०५८-११११) ह्याने ११०९ साली पूर्ण केलेल्या 'अल्-मुस्तस्फा' ह्या ग्रंथात तिला रेखीव रूप दिले. त्याच्या मते मस्लहा म्हणजे माणसाला रुचेल ते हित नव्हे, तर शास्त्राच्या हेतूंचे, म्हणजे 'मकासिद'चे, रक्षण होय. हे हेतू पाच: धर्म, जीवित, बुद्धी, वंश व वित्त. त्यांचे रक्षण 'जरूरियात' ह्या श्रेणीत पडते. मराठीतील 'जरूर' त्याच धातूपासून आलेला आहे. सोयीच्या व शोभेच्या गोष्टींच्या श्रेणी त्याखालच्या.

ही पाचांची यादी सर्वत्र उद्धृत होते, परंतु गझालीचे मर्म त्याने दिलेल्या दोन उदाहरणांत आहे. शत्रूने मुसलमान कैद्यांना ढालीसारखे पुढे केले आणि बाण न सोडल्यास अवघा समाज नष्ट होणार असेल, तर निरपराध कैद्यांचा वध होऊनही बाण सोडणे तो क्षम्य मानतो. कारण ते हित अत्यावश्यक, निश्चित आणि सार्वत्रिक आहे. उलट, बुडत्या नावेतून एकाला पाण्यात लोटल्याने बाकीचे वाचत असले, तरी तसे करण्यास तो परवानगी देत नाही. वाचणारे मोजके लोक म्हणजे समाज नव्हे!

चौदाव्या शतकात ग्रानाडा हे आयबेरियातील शेवटचे मुसलमानी राज्य उरले होते. तेथे तट बांधण्यासाठी प्रजेवर कर बसवावा काय, हा प्रश्न निघाला. मुफ्ती इब्न लुब्ब ह्याने तो निषिद्ध ठरवला. अबू इस्हाक अश्-शातिबी (मृत्यू १३८८) ह्याने लोकहिताच्या आधारे त्यास संमती दिली. ह्याच शातिबीने 'अल्-मुवाफकात'मध्ये हेतुविचाराला शास्त्राच्या मुळाशी नेऊन बसवले. पाच हेतू कोणत्याही एका वचनात सापडत नाहीत. असंख्य विधींच्या समुच्चयातून ते सिद्ध होतात, आणि म्हणूनच ते निश्चित, असा त्याचा युक्तिवाद आहे.

हा ग्रंथ १८८४ साली ट्यूनिस येथे छापला गेला. त्याच नगरात मुहंमद अत्-ताहिर इब्न आशूर ह्याने १९४६ साली मकासिदवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. गुलामांच्या मुक्ततेविषयीचे विखुरलेले विधी एकत्र ठेवून त्याने स्वातंत्र्य हाही शास्त्राचा हेतू असल्याचे प्रतिपादिले. मात्र हेतू म्हणून जे मानावयाचे ते सिद्ध, स्पष्ट, नियत व सर्वत्र लागू असावे, अशी अटही त्यानेच घातली. पुढील लेखकांनी त्याची वाढलेली यादी जितक्या तत्परतेने उचलली, तितक्या तत्परतेने ही अट उचलली नाही.