गेटाच्या आतली सायकल, गेटाबाहेरचा सायकलवाला

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत किल्ल्यांचे दरवाजे असतात. कारखान्यांची गेटे नसतात. कोणता दरवाजा कोणत्या बाजूला, तो कोणी कोणत्या साली बांधला, हे मुलांकडून पाठ करून घेतले जाते. पण त्याच मुलांचे आजोबा तीस-पस्तीस वर्षे रोज सकाळी ज्या गेटातून आत गेले, त्याच्याविषयी पुस्तकात एक ओळही सापडत नाही. त्या गेटाच्या आत, कुंपणाच्या भिंतीला लागून, पत्र्याचे छप्पर घातलेली एक लांबलचक जागा असे. तिला सगळे ‘सायकल स्टँड’ म्हणत. कामगाराच्या वाहनाला कामाच्या ठिकाणी जागा मिळते की नाही, मिळाली तर कुठे आणि कोणाच्या जबाबदारीवर, या साध्या प्रश्नांतून गेल्या शंभर वर्षांचा कष्टकऱ्यांचा इतिहास वाचता येतो, असे मला वाटते.

दोन्ही चाके सारख्या आकाराची असलेली आजची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली आली आणि १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला. पुढे थोड्याच वर्षांत ती हिंदुस्थानात पोहोचली. सुरुवातीला ती साहेबाची, वकील-डॉक्टरांची आणि हौशी श्रीमंतांची होती. साहजिकच ती बंगल्याच्या व्हरांड्यात उभी राही आणि तिची निगा राखायला नोकर असे. कारकून, शिपाई, पोस्टमन आणि कामगार यांच्या हाती ती हळूहळू आली. खरी मुबलकता आली ती स्वातंत्र्यानंतर. टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतची ॲटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्ये सुरू झाली. परदेशी सायकलीची वाट पाहण्याची गरज उरली नाही आणि सायकल हे गरिबाचे वाहन झाले.

मुंबईच्या गिरणी कामगाराला सायकलीची तेवढी गरज नव्हती. गिरणगावच्या चाळी गिरण्यांना खेटून होत्या आणि भोंगा झाला की माणूस चालत निघे. पुण्याचे तसे नव्हते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, उच्च स्फोटकांचा कारखाना १९४० चा. दोन्ही जुन्या शहराबाहेर, छावणीच्या आश्रयाने वसलेले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आला. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहू लागले. घर पेठेत किंवा कॅम्पात आणि काम खडकी-पिंपरीत. हे अंतर चालून जाण्याच्या पलीकडचे आणि रोजचे बसभाडे खिशाला जड. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ हे नाव मिळाले त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा वाटा आहेच. पण पाळीच्या वेळी हॅरिस पुलावरून जाणाऱ्या, करिअरला किंवा हँडलला डबा अडकवलेल्या कामगारांचा वाटा मोठा आहे. त्यांची आठवण मात्र कमी काढली जाते.

एवढ्या सायकली एकाच वेळी गेटापाशी आल्या की त्यांचे करायचे काय? इथे सायकल स्टँडचा जन्म झाला. लोखंडी खाचांच्या रांगा, खाचेत पुढचे चाक, वर पत्रा, एका टोकाला रखवालदाराचे स्टूल. या स्टँडला आपला एक शिष्टाचार होता. एकाने दुसऱ्याच्या मडगार्डला धक्का लावायचा नाही आणि सुटी झाली की आतल्या रांगेतल्याला आधी वाट द्यायची. साहेबांच्या मोटारी पोर्चजवळ उभ्या राहत. ती पायरी वेगळी होती. पण स्टँडच्या रांगेत मात्र फिटर, हेल्पर, झाडूवाला, मराठा, महार, मुसलमान, ख्रिस्ती यांच्या सायकली हँडलला हँडल भिडवून उभ्या असत. वस्तीत ज्यांची घरे कधी शेजारी आली नाहीत, त्यांची वाहने रोज आठ तास शेजारी राहिली. ही काही क्रांती नव्हे. पण ज्या देशात पाण्याच्या माठावरूनही भांडणे झाली, तिथे ही गोष्ट लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगार कल्याणाचे एक प्रकरणच लिहिले. हातपाय धुण्याची सोय, बसण्याची सोय, प्रथमोपचार, अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, दीडशेहून अधिक असतील तर विश्रांतीची खोली, स्त्रिया असतील तर पाळणाघर. यादी चांगली आहे आणि ती मिळवण्यासाठी कामगारांनी लढे दिले आहेत. पण त्या कलमांत सायकलीचे नाव नाही. कामगार गेटाच्या आत कसा अवतरतो, हा प्रश्न कायद्याला पडलाच नाही. मोठ्या कारखान्यांनी स्टँड बांधले ते बरेचसे स्वतःच्या सोयीसाठी. पाळी वेळेवर भरली पाहिजे आणि ‘सायकल चोरीला तर जाणार नाही ना’ या घोरात यंत्रावरच्या माणसाचे लक्ष उडता कामा नये. लहान कारखान्यांत, वर्कशॉपांत, यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र सायकल राहिली ती भिंतीला, विजेच्या खांबाला किंवा समोरच्या चहावाल्याच्या भरवशावर.

हे झाले गेटाच्या आतले. बाहेर, रस्त्याच्या कडेला, आणखी एक माणूस बसलेला असे. समोर पाण्याचे घमेले, बाजूला पंप, डब्यात सोल्यूशन, घासायला कानस, रबराचे तुकडे, छर्रे आणि पाने. वर जमलेच तर गोणपाटाची सावली. त्याच्याशिवाय आतला स्टँड चार दिवसही चालला नसता. संध्याकाळी पाळी सुटली आणि चाक बसलेले दिसले की कामगार त्याच्याचकडे येई. पैसे पगाराला दिले तरी चालत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत हा माणूस मुसलमान असे. यात जन्मजात कसब वगैरे काही नाही, कारण साधे आहे. हा धंदा थोड्या भांडवलात, दुकानाच्या गाळ्याशिवाय आणि कोणाच्या शिफारशीशिवाय उभा राहतो. आत जाण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र, ओळख, नोंदणी यांतले काही हाती नसेल, तर माणूस गेटाबाहेर बसतो.

सच्चर समितीने २००६ मध्ये हेच आकड्यांत मांडले. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारावर जगतात, हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे, असे अहवालात आहे. रेल्वेत मुसलमान ४.५ टक्के आणि त्यांतलेही जवळजवळ सगळे, म्हणजे ९८.७ टक्के, खालच्या पदांवर. याचा सरळ अर्थ असा की पगार, रजा, विमा आणि पेन्शन ज्या गेटाच्या आत आहेत, त्या गेटापर्यंत हा समाज पोहोचला. पण बराचसा बाहेरच थांबला. अलीकडच्या काळात ‘पंक्चरवाला’ हा शब्द भाषणांतून आणि चर्चांतून टोमणा म्हणून वापरला जातो. वापरणाऱ्यांनी एकदा विचार करावा. आपल्या वडिलांना, आजोबांना वर्षानुवर्षे वेळेवर कामाला पोहोचवले कोणी? ज्या हातांनी कारखान्याचा हजेरीपट पूर्ण ठेवला, त्यांचे नाव त्या पटावर कधी चढले नाही. लाज वाटायचीच असेल तर ती या गोष्टीची वाटावी. पंक्चर काढण्याची नव्हे.

गेटाची ही रेघ न्यायालयातही गेली. कामगार कामावर केव्हा असतो? घरातून निघाल्यापासून, गेटात शिरल्यापासून, की यंत्रापाशी उभा राहिल्यापासून? कामाची जागा आणि वेळ गेटाच्या थोडी अलीकडे-पलीकडे ताणता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मान्य केले. पण त्याला मर्यादाही घातली. १९७१ मध्ये केरळातल्या कोरट्टी येथे एक कामगार सायकलवरून पाळीला निघाला होता. पाळी साडेचारला सुरू व्हायची. सव्वाचारला, कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर, त्याच्याच कारखान्याच्या लॉरीने त्याला धडक दिली आणि गळपट्टीचे हाड मोडले. केरळ उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला : हा अपघात नोकरीच्या ओघात झालेला नाही. म्हणजे सायकल आतल्या स्टँडला लागली असती तर तो कामगार. रस्त्यावर होती म्हणून तो नुसता वाटसरू.

ही रेघ पुसायला आणखी चौदा वर्षे लागली. २०१० मध्ये राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, नोकरीतला मानला जाऊ लागला. पण विमा योजनेबाहेरच्या कामगारांचे काय, हा प्रश्न उरलाच. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामावर जाताना, कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिलेला असताना, अपघातात गेला. उच्च न्यायालयात भरपाई नाकारली गेली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली आणि २०१० चेच तत्त्व जुन्या नुकसानभरपाई कायद्यालाही लावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. गेटापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत कायदा पोहोचायला असा काळ गेला.

तोवर सायकलच स्टँडमधून निघून चालली होती. १९७२ मध्ये लुना आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची मोटारसायकल. आकुर्डीला स्कूटर बनवणारे कित्येक हात एके काळी सायकलने कामावर येत. त्यांनी बनवलेल्या स्कूटरीनेच त्यांच्या सायकली रस्त्यावरून हटवल्या. हप्त्यावर दुचाकी मिळू लागली आणि स्टँडच्या खाचा उपटून तिथे सपाट फरशी आली. तरी सायकल संपलेली नाही. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे साधन विचारले. शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जातात, असे दिसले. संख्येत ते अडीच कोटींवर होते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपवरच्या भाड्याच्या सायकली मोठ्या कौतुकाने आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्या काळात बिगारी, रखवालदार, घरकाम करणारी बाई यांच्या जुन्या सायकलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सोसायटीच्या आवारात झाडू मारणाऱ्याची सायकल आजही बहुधा फाटकाबाहेर, साखळीने जाळीला बांधलेली दिसते. कंत्राटी माणूस आत, त्याचे वाहन बाहेर.

म्हणून नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्यांना, शाळा-कार्यालये चालवणाऱ्यांना आणि कामगार संघटनांना एकच सांगणे आहे. मोटारींसाठी किती चौरस मीटर, हे जसे लिहिता, तसेच दहा सायकलींना पुरेल एवढी सावलीची, कुलपाची जागाही लिहा. आणि ती फाटकाच्या आत लिहा. दारात एका पंक्चरवाल्यालाही अधिकृत जागा द्या, परवाना द्या. उर्दू शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना एवढेच विचारून यायला सांगते : तुम्ही कामावर कशाने जात होता, आणि ते वाहन कुठे ठेवत होता? कोणी लिहून आणते, ‘कारखान्याच्या स्टँडवर, नंबर पडलेला होता.’ कोणी लिहिते, ‘ठेवत नव्हतो, आम्हीच बाहेर बसून लोकांच्या दुरुस्त करत होतो.’ दोन्ही उत्तरे मी एकाच वहीत, एकाखाली एक, उतरवून घेते. पुस्तकात नसलेला इतिहास आधी असा वहीतच लिहावा लागतो.