शून्य बदललं, सल्ला तोच राहिला

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे गाळलेत, सगळे नाहीत.

आजचा विषय आहे एक नॉब. दोन-चार माइक लावता येतील असा कुठलाही छोटा मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्या, प्रत्येक ट्रॅकसाठी त्यावर एक लेव्हल असते. माइकमधून येणारा आवाज किती मोठा करून आत घ्यायचा, हे तिथे ठरतं. नवीन पॉडकास्ट सुरू करणारे मला हमखास विचारतात, "लेव्हल किती ठेवू?" आणि गंमत म्हणजे त्यांना आधीच दोन उत्तरं मिळालेली असतात. एक जण म्हणतो, "जितकी वर नेता येईल तितकी ने, लाल लागायच्या आत थांब." दुसरा म्हणतो, "मायनस १८ च्या आसपास ठेव, वर मोकळी जागा सोड."

दोघंही अनुभवी असतात. दोघंही बरोबर असतात. फक्त पहिल्याचा सल्ला ज्या मशीनसाठी होता, ते मशीन आता तुमच्या टेबलावर नाहीये. मी दिवसभर कोड लिहितो, आणि आमच्याकडे हे रोज दिसतं: कोड बदलतो, पण त्याच्यावर लिहिलेली जुनी कॉमेंट तशीच राहते. रेकॉर्डिंग लेव्हलचा इतिहास साधारण असाच आहे.

सुई आणि तिच्या वरचा पोटमाळा

१९३९ साली अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून आवाजाची पातळी मोजायचं एक प्रमाण ठरवलं. त्यातून आला व्हीयू मीटर. जुन्या टेप डेकवर किंवा सिनेमातल्या स्टुडिओच्या दृश्यात डोलणारी सुई पाहिली असेल, तीच ही. मायनस २० पासून प्लस ३ पर्यंतची पट्टी, आणि शून्याच्या पुढे लाल रंग.

या मीटरवरचं शून्य म्हणजे शेवट नव्हता. शून्य ही आवाजाची रोजची बसायची जागा होती. सुई स्वभावाने संथ. तिला नीट वर चढायला सुमारे ०.३ सेकंद लागायचे. तबल्यावरची थाप किंवा टाळी तेवढ्या वेळात येऊन गेलेलीसुद्धा असते. त्यामुळे सुई शून्यावर डोलत असताना खरी टोकं तिच्यापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहूनही वर जात असत, आणि त्याची फारशी काळजी कुणी करत नसे. कारण टेपला वर पोटमाळा होता. आवाज वाढत गेला की टेपवरचे चुंबकीय कण हळूहळू भरत जातात, आवाज थोडा दबतो, थोडा गोल होतो. एकदम फाटत नाही.

खरा त्रास खालून होता. टेपचा स्वतःचा एक आवाज असतो, सतत सरसरणारा, त्याला हिस म्हणतात. हळू रेकॉर्ड केलं की गाणं त्या हिसमध्ये बुडतं. मल्टिट्रॅकमध्ये तर प्रत्येक ट्रॅक आपापली हिस घेऊन येतो. सारखीच हिस असलेले २४ ट्रॅक एकत्र वाजवले, तर एकूण हिस एका ट्रॅकपेक्षा सुमारे १४ डेसिबलने वाढते. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली, ती याच हिसवर उपाय म्हणून. (आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला 'डॉल्बी' म्हणतात, ते नाव मुळात गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं आहे, हे एकदा मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगून बघा.)

तेव्हा "लेव्हल जितकी वर नेता येईल तितकी ने" हा सल्ला हौशी लोकांचा नव्हता. त्यामागे हिसचं पक्कं गणित होतं.

मग पोटमाळा पाडला

युटामध्ये थॉमस स्टॉकहॅम नावाचे एक प्राध्यापक होते. वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांच्या टेपमधला साडेअठरा मिनिटांचा तुकडा कोरा का आहे, हे तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीत ते होते. त्यांनी साउंडस्ट्रीम नावाची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये सांता फे ऑपेराचं रेकॉर्डिंग डिजिटल यंत्रावर केलं. पाठोपाठ थ्रीएम कंपनीने ३२ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर आणला. त्यावर ध्वनिमुद्रित झालेला राय कूडर यांचा 'बॉप टिल यू ड्रॉप' हा अल्बम १९७९ मध्ये आला. मोठ्या कंपनीने काढलेला पहिला डिजिटल रॉक अल्बम म्हणून तो ओळखला जातो.

ही यंत्रं १६ बिटची होती. म्हणजे काय? आवाजाची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि प्रत्येक वेळी एक पूर्णांक लिहून ठेवायचा. १६ बिटमध्ये वरच्या बाजूला सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. त्याच्या पुढे आकडाच नाही. आणि डिजिटल मीटरवर या कमाल पातळीलाच शून्य म्हणायचं ठरलं. म्हणून डिजिटल मीटरवरच्या सगळ्या पातळ्या मायनसमध्ये असतात.

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथला आहे. जुन्या मीटरवर शून्य म्हणजे बसायची जागा होती. नव्या मीटरवर शून्य म्हणजे छत. शब्द तोच, चिन्ह तेच, अर्थ पार बदलला.

छताला लागलेल्या आवाजाचं काय होतं? लाटेचं डोकं कापलं जातं. यालाच क्लिप होणं म्हणतात. फाइलमध्ये ३२,७६७ हा आकडा लागोपाठ दहा वेळा दिसतो. मूळ आवाज तिथे ३३,००० होता की ६०,०००, हे त्या फाइलला माहीतच नसतं. सॉफ्टवेअर आजूबाजूच्या लाटेवरून अंदाज बांधून डोकं परत काढून देतं, पण तो अंदाजच. हळू झालेला आवाज मोठा करता येतो. कापलेला आवाज फाइलमध्ये नसतोच.

चार हजार डॉलरच्या आतला स्टुडिओ

सुरुवातीला ही यंत्रं फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडायची आणि ती सांभाळायला प्रशिक्षित इंजिनिअर असायचे. १९९१ मध्ये अलेसिस कंपनीने एडॅट जाहीर केलं आणि १९९२ मध्ये ते बाजारात आलं. ८ ट्रॅक, १६ बिट, किंमत ३,९९५ डॉलर, आणि टेप कुठली, तर व्हिडिओची एस-व्हीएचएस कॅसेट! अशी १६ यंत्रं जोडली की १२८ ट्रॅक. गॅरेजमध्ये, बेडरूममध्ये स्टुडिओ उभे राहिले. गाणाराच इंजिनिअर झाला.

त्याने सल्ला मात्र टेपवाल्यांचाच घेतला. शिवाय त्याला आता एक नवं कारणही मिळालं. दर ६ डेसिबलला साधारण एक बिट खर्च होतो. टोकं मायनस २४ वरच राहिली, तर वरचे चार बिट रिकामे, आणि १६ पैकी कामाला १२. म्हणजे सुमारे ९६ डेसिबलच्या आवाक्यातले ७२ उरले. मग काय, ढकला वर! गणित चुकीचं नव्हतं. फक्त आता वर पोटमाळा नव्हता.

यात पणाला काय लागतं? अॅलानिस मॉरिसेट यांचा १९९५ चा 'जॅगेड लिटल पिल' घ्या. निर्माते ग्लेन बॅलर्ड यांच्या घरच्या स्टुडिओत, एडॅटवर झालेलं काम. गाणं लिहून झालं की लगेच एक-दोन टेकमध्ये डेमो गायला जायचा, आणि त्यातलं बरंचसं गायन अंतिम अल्बममध्ये तसंच ठेवलं गेलं. लेव्हल लावताना हाच टेक जगभर ऐकला जाणार आहे, हे कुणाला ठाऊक असणार? तुमच्या आजीच्या ओव्यांचंही तसंच असतं. आजी 'रिटेक' देत नाही. दिला तरी तो पहिल्यासारखा नसतो.

प्रसारणवाल्यांनी यावर शहाणा तोडगा काढला. अमेरिकेत जुन्या मीटरचं शून्य डिजिटल मीटरवर मायनस २० ला बसवायचं प्रमाण झालं, युरोपात मायनस १८ ला. म्हणजे छत होतं तिथेच राहिलं, बसायची जागा खाली आणली आणि पोटमाळा परत बांधला. आज तुम्हाला कुणी "मायनस १८" सांगतं, ते इथून आलंय.

कारण संपलं तरी सल्ला संपेना

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात २४ बिट आवाक्यात येऊ लागलं. कागदावर हा आवाका सुमारे १४४ डेसिबल. प्रत्यक्षात चांगली यंत्रं ११० ते १२० पर्यंत जातात, पण तेही भरपूर आहे. टोकं मायनस १२ वर ठेवलीत तर दोन बिट रिकामे, २२ शिल्लक. तुमच्या खोलीतला पंखा, बाहेरची रिक्षा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांचा आवाज यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. वर ढकलण्याचं जे एकमेव कारण होतं, तेच गेलं.

मल्टिट्रॅकला तर उलट कारण आहे. आठ ट्रॅक प्रत्येकी छताला टेकलेले असतील, तर त्यांची बेरीज कुठे जाईल? आजची सॉफ्टवेअर आतमध्ये ती बेरीज सांभाळून घेतात, पण शेवटची फाइल काढताना छत परत येतंच. मग सगळे फेडर खाली ओढत बसा.

२०१९ मध्ये झूम कंपनीचा एफ-६ आला. त्यात प्रत्येक इनपुटला दोन कन्व्हर्टर आहेत, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी, आणि आकडे ३२ बिट फ्लोटमध्ये लिहिले जातात. ज्यांनी इंट आणि फ्लोटमधला फरक शिकलाय त्यांना कळेल: आता शून्याच्या वरचा आकडाही लिहिता येतो आणि नंतर खाली आणता येतो. या प्रकारच्या काही रेकॉर्डरवर तर गेनचा नॉबच नाही. मग प्रश्न सुटला? बराचसा. पण माइक स्वतःच ओरडण्याने फाटला, तर तो फाटका आवाजच इमानेइतबारे लिहिला जाईल.

मग तुम्ही काय करायचं?

पाहुण्याला "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायला लावू नका. तसं कुणी बोलत नाही. त्याला एखादा किस्सा सांगायला लावा, हसवा. गाणारा असेल तर त्याची सर्वांत वरची जागा गाऊन घ्या. त्या वेळी टोकं मायनस १२ च्या आसपास राहू द्या. साधं बोलणं आपोआप मायनस २० च्या जवळ बसेल. प्रत्येकाला वेगळा ट्रॅक द्या, म्हणजे एकाच्या हसण्याने दुसऱ्याचं वाक्य फाटणार नाही. रेकॉर्डरमध्ये सेफ्टी ट्रॅकची सोय असेल, म्हणजे तोच आवाज कमी लेव्हलने आणखी एका ट्रॅकवर घेता येत असेल, तर ती चालू ठेवा.

स्क्रीनवर लाट बारीक दिसेल. दिसू द्या. ऐकणाऱ्याला आवाज किती मोठा वाटावा, हे नंतरचं काम आहे. अॅपल पॉडकास्टची शिफारस मायनस १६ एलयूएफएसच्या आसपासची आहे, ते एडिटिंगच्या शेवटी करायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी फक्त एवढंच बघायचं की आवाज पूर्ण आत आला.

आणि घरात जुन्या कॅसेट असतील, कुणाचं कीर्तन, कुणाचं बारसं, तर त्या कॉम्प्युटरवर घेताना हेच करा. त्या जुन्या शून्याच्या काळातल्या आहेत, लेव्हल वर ढकललेल्या. आधी टेपमधला सर्वांत मोठा आवाज शोधा, त्यावर लेव्हल लावा, मग टेप सुरुवातीला आणून रेकॉर्ड दाबा. असं काही सापडलं तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.