वालुकाश्माची साक्ष : स्टोनहेंजच्या वेदीशिलेचा मूळस्थान-शोध

प्रस्तावना

लिखित साधनांच्या अभावी प्रागैतिहासिक समाजांचे परस्परसंबंध कसे अभ्यासावेत, हा इतिहास संशोधनातील एक मूलभूत प्रश्न आहे. एखादी वस्तू कोठून आली हे सिद्ध झाले, तर ती आणणाऱ्या समाजाच्या संपर्काविषयी काही विधान करता येते. मात्र मूळस्थानाचे अनुमानच चुकले, तर त्यावर रचलेला इतिहासही ढासळतो. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील स्टोनहेंज या शिलावर्तुळातील वालुकाश्मांच्या मूळस्थान-शोधाचा आढावा घेतला असून, खनिज व रासायनिक विश्लेषणाचे इतिहासाचे साधन म्हणून असलेले महत्त्व आणि त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत.

पूर्वीचे अनुमान

स्टोनहेंजमध्ये दगडांचे दोन प्रमुख गट आढळतात. उंच, अवजड शिळा ‘सारसेन’ या कठीण वालुकाश्माच्या आहेत, तर लहान शिळांना ‘ब्लूस्टोन’ असे संबोधले जाते. भूवैज्ञानिक एच. एच. थॉमस यांनी १९२३ मध्ये ब्लूस्टोनपैकी ठिपकेदार डोलेराइटचे मूळ वेल्समधील प्रेसेली टेकड्यांत असल्याचे दाखवून दिले. तो निष्कर्ष पुढील संशोधनातही टिकून राहिला.

स्मारकाच्या मध्यभागी कोसळलेल्या सारसेनखाली दबलेली सुमारे ५ मीटर लांब व ६ टन वजनाची शिळा मात्र वेगळी आहे. इनिगो जोन्स यांच्यापासून सतराव्या शतकात रूढ झालेले तिचे ‘वेदीशिला’ हे नाव केवळ कल्पनेवर आधारलेले आहे. ती वालुकाश्माची असल्याने वेल्समधील ‘जुन्या तांबड्या वालुकाश्मा’शी तिचा संबंध जोडण्यात आला. इतर ब्लूस्टोन वेल्सचे, म्हणून हीही वेल्सचीच, हे साहचर्यावर आधारित अनुमान सुमारे शंभर वर्षे प्रचलित राहिले.

रासायनिक विश्लेषण : सारसेन

सारसेनमध्ये जवळजवळ सर्व भाग सिलिकाचाच असतो. त्यामुळे नुसत्या निरीक्षणाने एका ठिकाणचा सारसेन दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे कठीण असते. डेव्हिड नॅश व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने सर्व ५२ उपलब्ध सारसेनांची तपासणी केली. त्यांपैकी ५० शिळांची रासायनिक घडण समान आढळली. १९५८ मधील दुरुस्तीच्या वेळी ५८ क्रमांकाच्या शिळेतून काढलेला दगडाचा दंडगोल एका कर्मचाऱ्याने जपून ठेवला होता. तो २०१८ मध्ये परत मिळाला. त्यातील अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्यांची दक्षिण इंग्लंडमधील २० ठिकाणच्या सारसेनांशी तुलना करता, सुमारे २५ किलोमीटर उत्तरेकडील वेस्ट वुड्स हे स्थान जुळले.

खनिज विश्लेषण : वेदीशिला

वेदीशिलेच्या बाबतीत प्रथम नकारात्मक पुरावा पुढे आला. तिच्यात बेरियमचे प्रमाण असाधारण जास्त आहे. रिचर्ड बेव्हिन्स व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये वेल्स व लगतच्या प्रदेशातील वालुकाश्मांशी तुलना करून, ही शिळा बहुधा तेथील नसावी, असे मत मांडले.

त्यानंतर अँथनी क्लार्क व सहकाऱ्यांनी वेदीशिलेच्या तुकड्यांतील झिरकॉन, अ‍ॅपेटाइट व रुटाइल या खनिजांच्या कणांचे वय मोजले. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही. युरेनियमच्या ऱ्हासातून नंतर साठलेल्या शिशाच्या प्रमाणावरून कणाचे वय ठरते. वालुकाश्म म्हणजे मूळ डोंगरांच्या झिजेतून आलेली वाळू. म्हणून कणांच्या वयांचा समूह त्या डोंगरांची ओळख सांगतो.

स्कॉटलंड व वेल्स ही भूमी एकेकाळी महासागराने विभागलेल्या भिन्न भूखंडांवर होती. त्यामुळे दोहोंकडील कणांच्या वयांची मांडणी वेगळी आहे. वेदीशिलेतील झिरकॉन प्रामुख्याने १०० ते २०० कोटी वर्षांपूर्वीचे, तर अ‍ॅपेटाइट व रुटाइल मुख्यतः सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीचे आढळले. ही मांडणी ईशान्य स्कॉटलंडमधील ऑर्केडियन खोऱ्याशी जुळते. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार शिळेचा प्रवास किमान ७५० किलोमीटरचा ठरतो. याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने ऑर्कनी द्वीपसमूहातील मुख्य बेटाची शक्यता दूर केली.

ऐतिहासिक अर्थ

या निष्कर्षामुळे इ. स. पूर्व ३००० ते २५०० च्या सुमारास ब्रिटनच्या दोन टोकांकडील समाजांत संपर्क होता, या मताला बळ मिळते. तथापि कणांचे वय शिळेचे उगमस्थान सांगते. ती समुद्रमार्गे आली की भूमार्गे, भेट म्हणून की अन्य कारणाने, हे सांगत नाही. त्यासाठी वसाहती, मृद्भांडी, प्राण्यांची हाडे व नौकानयन यांचा पुरावाच विचारात घ्यावा लागेल. प्रयोगशाळेचा निष्कर्ष आणि इतिहासकाराचे अर्थनिर्णयन यांतील ही सीमारेषा पुसट होऊ देणे दोन्ही शास्त्रांना अपायकारक ठरेल.

निष्कर्ष

१. एकाच स्मारकातील दगड एकाच प्रदेशातून आले असतील, हे गृहीतक स्वतंत्र पुराव्याशिवाय स्वीकारता येत नाही.
२. संभाव्य स्थान वगळणारा पुरावाही स्थान निश्चित करणाऱ्या पुराव्याइतकाच मोलाचा असतो. वेल्स वगळल्यानंतरच संशोधकांची दृष्टी उत्तरेकडे वळली.
३. संग्रहालयात वा खासगीरीत्या जतन झालेले लहानसे तुकडेही इतिहासाची साधने आहेत. स्मारकाला नव्याने धक्का न लावता हे संशोधन होऊ शकले, याचे श्रेय अशा जतनालाच द्यावे लागेल.