जतच्या माळावरची नोंदवही

पक्षी पाहायचे तर चांदोलीला जावे, निदान कृष्णाकाठ तरी गाठावा, अशी आमच्या सांगली जिल्ह्यात समजूत आहे. जतला त्यासाठी कोणी येत नाही. दुर्बीण विकत घेतली तेव्हा मीही पश्चिमेकडेच डोळे लावून होतो. नोकरी जतची, रजा शिल्लक नाही, म्हणून एका सकाळी नाइलाजाने गावामागच्या माळावर जाऊन उभा राहिलो.

पहिला धडा डोंबारीने दिला. चिमणीएवढा चंडोल; सरळ वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर. नाव ठेवणाऱ्याने तो नीट पाहिला होता. दुसरा धडा पखुर्डीचा. ऊन थोडे वर आले की पखुर्ड्यांचे थवे पाणवठ्यावर उतरतात. नर पोटाची पिसे भिजवून ते पाणी लांबच्या पिलांपर्यंत नेतो. ज्या तालुक्याची ओळखच टँकरवर झाली, तिथे हे पाहताना वही बाजूला ठेवावीशी वाटते.

पण मी इतिहासाचा विद्यार्थी. माझ्याआधी हे कोणी लिहून ठेवले, हा प्रश्न सुटेना. दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय यादी कर्नल साइक्स याने 1832 मध्ये प्रसिद्ध केली. 1824 पासून तो मुंबई सरकारसाठी जमीन, पिके, माणसे यांची आकडेवारी गोळा करीत होता. त्याच ओघात पक्षीही मोजले गेले. आपल्या ओढ्याकाठच्या ढोकरीला आणि माळावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला शास्त्रीय नाव त्यानेच दिले. पुढे 1881 साली बटलरने दख्खन व दक्षिण महाराष्ट्र यांची यादी ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापली. तिला त्याने 'तात्पुरती' म्हटले, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे बहुधा बंदुकीने पाडून पाहणे. सलीम अली यांचे पुस्तक 1941 मध्ये आले आणि दुर्बिणीची वाट सामान्य वाचकाला मोकळी झाली.

प्रदेशाची यादी म्हणजे गावाची नोंद नव्हे. जत हे डफळ्यांचे संस्थान, 1948 पर्यंत वेगळे. साहेब बदलीवर फिरे तो खालसा मुलखात. आमचा माळ कागदावर कोरा राहिला याचे कारण तिथे असावे, असा माझा तर्क आहे. कागदावर जे नाही ते 'पडीक' ठरते, आणि पडीक जागेवर पवनचक्की उभारताना, झाडे लावताना कोणी विचारत नाही. माळावर झाडे लावणे पुण्याचे काम वाटते. पण उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या माळटिटवीला सावली नको, मोकळी नजर हवी.

उमदीच्या बाजूला एक वृद्ध मेंढपाळ भेटले. माडग्याळी मेंढरे, घरची भाषा कानडी, माझ्याशी मराठी. माझी दुर्बीण उलटसुलट करून म्हणाले, "मास्तर, आता काय बघता? एरे भूत होतं तवा बघायचं. माझ्या बापानं बघितलंय." एरे म्हणजे काळी जमीन. काळ्या रानातले हे भूत म्हणजे माळढोक. कर्नाटकात त्याला हेच नाव आहे. मी हरखलो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, तेव्हा अंतरही जुळत होते.

रात्री लिहायला बसलो आणि हात थांबला. नाव भाषेबरोबर प्रवास करते. ते इथे उच्चारले गेले म्हणून पक्षी इथे होता, असे होत नाही. बापाने कुठे पाहिले, हे मी विचारलेच नव्हते. आठवड्याने पुन्हा गेलो, तर मेंढरे चाऱ्याच्या शोधात पुढे निघून गेली होती.

वहीत आता दोन भाग आहेत. पुढून 'पाहिलेले': तारीख, वेळ, जागा, संख्या. मागून 'ऐकलेले'. एरे भूत मागच्या भागात, पहिल्या ओळीवर आहे. समोरचा जागेचा रकाना मोकळा.