धुळाक्षरांपासून डिजिटल फळ्यापर्यंत

जुन्या काळीं वऱ्हाडांत काय किंवा देशावर काय, लिहिण्याचा पहिला धडा धुळींतच होत असे. पंतोजीच्या शाळेंत मुलापुढें धूळपाटी यावयाची, तीवर बारीक धूळ पसरावयाची, आणि पंतोजीनें हात धरून अक्षर गिरवून घ्यावयाचें. चुकलें तर हात फिरवावा. पाटी पुन्हा कोरी! कागद महाग होता, धूळ फुकट होती. या रीतीचें मोल आपल्याआधीं परक्यांनीं ओळखलें. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळांतील मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं, ती रीत आपल्या शाळेंत आणली, आणि १७९७ सालीं लंडनांत त्या प्रयोगावर पुस्तक छापलें. पुढें विलायतेंतील गरिबांचीं मुलेंही वाळूवर लिहूं लागलीं.

भिंतीवरचा काळा फळा मात्र तिकडून इकडे आला. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला; नव्या तऱ्हेच्या शाळा तदनंतरच्या. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळीं वणीच्या नांवानें ओळखला जाई; १९०५ सालीं त्यास यवतमाळचें नांव मिळालें. फळ्यामुळें सबंध वर्गास एकच धडा एकाच वेळीं देतां येऊं लागला, ही सोय थोडी नव्हे. परंतु लिहिणारा हात मुलाचा होता, तो मास्तरांचा झाला. मुलाकडे पाहणें व उतरून घेणें एवढेंच उरलें. या अदलाबदलीचा हिशेब फारसा कोणी मांडला नाहीं.

तो फळाही सर्वांस लाभला असें नाहीं. स्वराज्यास चाळीस वर्षें झाल्यावर, १९८७ सालीं, केंद्र सरकारास 'खडू-फळा' योजना काढावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासारखें अवश्य साहित्य मिळावें, एवढीच तिची माफक मागणी होती. नंतर चारच वर्षांनीं, १९९१ सालीं, कानडा देशांतील स्मार्ट कंपनीनें स्पर्श ओळखणारा पांढरा फळा बाजारांत आणला. संगणकांतील चित्र त्यावर उमटावयाचें. बोट टेकलें कीं फळा ती जागा संगणकास कळवावयाचा, आणि चित्र हलावयाचें, रेघ उमटावयाची. २० फेब्रुवारी २०१९ रोजीं भारत सरकारनें सरकारी शाळांच्या नववी ते बारावीच्या वर्गांसाठीं 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' जाहीर केलें. नांवांत खडू-फळ्याचीच आठवण आहे.

लंडनच्या माध्यमिक शाळांत असे फळे २००३-०४ च्या सुमारास सरकारी खर्चानें मोठ्या संख्येनें बसविले गेले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत, पहिल्या वर्षांत मुलांच्या गुणांवर त्यांचा परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाहीं. एकेक मूल उठून फळ्याशीं जाई व बाकीचीं वाट पाहत, त्यामुळें कच्च्या मुलांच्या वर्गांत धडा मंदावे, असेंही आढळलें. धूळपाटी प्रत्येकापुढें होती. हा फळा चाळिसांत एक!

तरीही यवतमाळ जिल्ह्यांत त्यास निराळें काम आहे. झरी-जामणी, मारेगांव, केळापूर या भागांतील कोलामांच्या पोडावर घरची बोली कोलामी. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. कोलामी ही द्रविड कुळांतली, मराठीशीं तिचें नातें नाहीं. अशा घरचें मूल पहिलींत येतें तेव्हां पुस्तकांतील शब्द त्यास परका असतो, नुसत्या खडूच्या अक्षरानें तो उलगडत नाहीं. चित्र दाखवावें, त्याचा आवाज ऐकवावा, मुलानें आपल्या बोलींतला शब्द सांगावा, तो शिक्षकानें शेजारीं लिहावा आणि मग मराठी शब्दाखालीं मुलाकडून बोटानें गिरवून घ्यावा, हें या फळ्यावर सहज साधतें. त्यास कोलामी जाणणारा, निदान ऐकून घेणारा, शिक्षक मात्र हवा. तो फळ्याबरोबर पेटींतून येत नाहीं. आणि वीज गेली म्हणजे शेजारचा काळा फळा असतोच. खडू तेवढा जवळ ठेवावा लागतो.